भाजीच्या कप्प्यातली सत्तावीस वर्षं

बूच अर्ध्यावर आलं आणि चुरायला लागलं. मी स्क्रू बाजूला ठेवून दोन पात्यांचं ओपनर घेतलं. त्याची पाती बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवतात आणि फिरवत फिरवत वर ओढतात. बूच निघालं. टेबलापलीकडून सोनवणे काकू माझ्या हातांकडे बघत होत्या.

मी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात सोमेलिए आहे. वाइन निवडणं, तपासणं आणि वाढणं हे माझं काम. दिल्लीतल्याच द्वारकेहून आलेल्या सोनवणे काका-काकूंनी ही रेड वाइन घरून आणली होती. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. फ्रान्सच्या पोस्टिंगमध्ये त्यांना मुलगी झाली. तिथून निघताना शेजाऱ्यांनी तिच्या जन्माच्या सालातल्या वाइनची ही बाटली दिली आणि सांगितलं, हिच्या लग्नाला उघडा. लग्न कालच रजिस्टर झालं होतं. आज एक वाजता मुलगी आणि जावई जेवायला येणार होते. साडेबारा वाजले होते.

"इतकी वर्षं कुठे ठेवली होती?" मी विचारलं. दिल्लीच्या उन्हाळ्यात कपाटातली वाइन अक्षरशः शिजते.

"फ्रीजमध्ये. भाजीच्या कप्प्यात, आडवी," काकू म्हणाल्या. "तीन फ्रीज बदलले. लाइट गेली की ओल्या पंच्यात गुंडाळायचे."

"मेथी तिच्या डोक्यावर," काका म्हणाले. "माझ्या बीअरला मात्र जागा नव्हती."

मी ग्लासात दोन घोट ओतले आणि वास घेतला. कुबट, वर थोडा सडक्या अंड्याचा. मी ग्लास खाली ठेवला. तेवढ्यात आमचे मॅनेजर मल्होत्रा सर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "कैसी है?"

"सर, गई."

"तो अभी बता दो. दामाद के सामने फजीहत नहीं होनी चाहिए. अपनी वाइन लिस्ट दे दो."

मी टेबलाशी जाऊन सांगितलं की वाइन टिकलेली नाही. काका खिडकीबाहेर बघायला लागले. काकूंनी ग्लास उचलला आणि हुंगला.

"हा तर ट्रंकेतला वास आहे. शालू काढला की आधी असाच येतो. आम्ही तो दांडीवर टाकतो आणि मग ठरवतो. तू चाखलीस का गं?"

चाखली नव्हती. आणि त्या म्हणत होत्या ते मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. बॉटल स्टिंक म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं बंद राहिलेली वाइन उघडली की आधी कोंडलेला वास येतो. हवा लागली की बहुतेक वेळा तो दहा-पंधरा मिनिटांत जातो. पण जास्त हवा लागली तर जुनी वाइन तासाभरात बेचव होते. म्हणून मी ती दुसऱ्या भांड्यात ओतली नाही. फक्त ग्लासातली तशीच ठेवली.

मल्होत्रा सरांकडे परत जाणं जड गेलं. "सर, मैंने जल्दी बोल दिया. पंद्रह मिनट चाहिए."

"और नहीं हुई तो?"

"तो मैं ही बोलूँगी उनको."

पाच मिनिटांनी वास तसाच होता. दहाव्या मिनिटाला अंड्याचा वास गेला. बाराव्या मिनिटाला सुक्या जांभळांचा वास आला, मग चहापत्तीचा, मग नव्या चामड्याचा. तेव्हा मी चाखली. आंबटपणा अजून जिवंत होता, तुरटपणा मऊ झाला होता. फ्रीजच्या थंडीमुळे ती हळूहळू मुरली होती. खास तळघरात सांभाळलेल्या जुन्या बाटल्या मी चाखल्या आहेत. त्यांतल्या फार थोड्या इतक्या चांगल्या निघाल्या.

"काकू, मी चुकले. छान आहे," मी म्हणाले.

"बघू," त्या म्हणाल्या.

मुलगी आणि जावई आले. मी बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून वाइन ओतली. गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली की थांबायचं असतं. पहिला घोट यजमानाचा, अशी रीत आहे. मी काकांकडे वळले.

"तिला द्या," ते म्हणाले. "सांभाळली तिने."

काकूंनी आयुष्यात वाइन घेतली नव्हती. त्यांनी ओठ ओले केले. "कोकम सरबतासारखी आहे. साखर विसरलेल्या."

"याच्यासाठी सत्तावीस वर्षं?" काका म्हणाले.

"वाईट आहे असं कुठे म्हटलं मी?" असं म्हणून त्यांनी दुसरा घोट घेतला.

स्वीट डिशच्या आधी बाटली संपली. तळाला फक्त गाळ उरला होता.

आमच्या टेस्टिंग शीटवर आधी रंग, मग वास, मग चव असे रकाने असतात. निष्कर्षाचा रकाना सगळ्यात खाली असतो. तो तिथे का असतो, हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, त्या दुपारी कळलं.