चिंचेत भिजलेल्या पुंगळ्या

'ग्रँड' या शब्दाची मला चीड आहे. आयर्लंडमध्ये पाऊस कोसळला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. त्या शनिवारी क्लबातल्या म्हाताऱ्याने माझा डबा खिडकीपाशी नेला, काडतुसाची एक पितळी पुंगळी बोटांत धरून उजेडात फिरवली आणि म्हणाला, "ग्रँड आहेत. फार मेहनत घेतलीस." मी मूर्खासारखा फुलून गेलो.

आमचा नेमबाजीचा क्लब कॉर्क शहराबाहेर, शेतांच्या मागे आहे. मी रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी बघतो. आठवडाभर लोकांच्या चुका लिहून काढायच्या आणि शनिवारी निशाणासमोर डोकं शांत करायचं, असा माझा क्रम. रायफल धरायला मला या म्हाताऱ्यानेच शिकवलं. त्याच्याकडे त्याच्या वारलेल्या भावाची रायफल आहे, आणि तिची काडतुसं आता कुठेच बनत नाहीत. म्हणून गोळी सुटल्यावर मागे राहणारी पितळी पुंगळी तो जपून ठेवतो, साफ करतो आणि क्लबातल्या परवान्याच्या खोलीत पुन्हा भरतो. अशा पुंगळ्या त्याच्याकडे साठ होत्या. संपल्या की रायफल भिंतीवर टांगायची.

पुंगळ्या धुण्याचं त्याचं यंत्र बंद पडलं, तेव्हा त्या साठ त्याने माझ्या हवाली केल्या. "कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. दुसरं काही लावू नकोस," त्याने बजावलं होतं.

पण आम्हाला कोण सांगणार! पितळ म्हटलं की चिंच, हे आमच्या हाडात भिनलेलं. समई, तामण, निरांजन, सगळं चिंच-मिठाने घासून लखलखीत करणारी माणसं आम्ही, आणि हा साबणपाणी सांगतो? फरक एवढाच, की समई घासून लगेच धुतात. पुंगळीत बोट जात नाही, म्हणून मी सकाळी सगळ्या चिंचेच्या कोळात मीठ टाकून बुडवल्या आणि कामावर गेलो. संध्याकाळी काढल्या तर चकाचक, थोड्या गुलाबीसर. मी फोटो काढून पुण्याला पाठवले. स्वयंपाकघरातून बायको तेवढी करवादली, "प्रेसमधली सगळी चिंच संपवलीस? आता आमटीत काय घालू, काडतुसं?" इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो आहोत.

त्याने 'ग्रँड' म्हटलं त्याच्या पुढच्या शनिवारी चहाचा कप टाकायला क्लबामागे गेलो. भंगाराच्या बादलीत माझ्या गुलाबी पुंगळ्या पडल्या होत्या. प्रत्येकीचं तोंड पकडीने चेपलेलं, कुणी चुकून भरू नये म्हणून. मी तिथेच उकिडवा बसून मोजल्या. साठ.

आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. आंबटात पितळ जास्त वेळ राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं, मागे तांबूस, ठिसूळ धातू उरतो. कारखान्यात पितळी जोड असे सडलेले मी पाहिलेत, त्यावर पानंच्या पानं अहवाल लिहिलेत. अशी पुंगळी बार उडवताना फाटली असती, तीही त्याच्या गालापाशी. हे मला माहीत होतं! कारखान्यात दुसऱ्या कुणी सूचना मोडली असती तर मी त्याला सोललं असतं.

पण स्वतःवर चिडायचं सोडून मी त्याच्यावर चिडलो. तरातरा आत गेलो. तो बाकावर रायफल पुसत होता.

"तुम्ही खोटं बोललात," मी म्हणालो. "ग्रँड म्हणालात! आठवडाभर मी मिरवत फिरलो. माझं मन राखायला तुम्हाला मी काय लहान पोर वाटलो? आमच्याकडे माणूस आपला असला की त्याला तोंडावर शिव्या घालतात. घाला ना!"

"जुनं पितळ होतं, बाबा. जाऊ दे."

"नाही जाऊ देणार!"

मग मात्र त्याची मान लाल झाली. फडकं त्याने बाकावर आपटलं. "एक गोष्ट सांगितली होती तुला. एक! वीस वर्षं जपल्या होत्या मी त्या. त्यातल्या निम्म्या माझ्या भावाने स्वतःच्या हातांनी भरलेल्या. आता या रायफलीतून काय झाडू मी, तुझी चिंच?"

खोलीतली बाकीची माणसं चहाच्या कपात बघू लागली. हवा होता तो राग मला मिळाला होता. मी पुटपुटलो, "मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

त्याने फडकं उचलून त्याची घडी केली. रायफल पेटीत ठेवली, कड्या लावल्या.

"तू इतका खूश होतास," तो म्हणाला.