घंटेची दोरी

गेल्या मंगळवारी, संध्याकाळच्या आरतीआधी, माझ्या आठ वर्षांच्या भाचीला, मुक्ताला, देवळात एका अनोळखी गृहस्थाने न विचारता उचललं. ती घंटेखाली उभी राहून वर बघत होती, एवढंच निमित्त.

"वाजव गं बाळा!"

"काका, खाली ठेवा. मी तिसरीत आहे."

लोक हसले. मुक्ताची हाडंच कमी वाढतात, त्यामुळे ती तीन वर्षांची वाटते. ती मात्र हसली नाही. घंटा न वाजवताच बाहेर येऊन चपला घालू लागली.

घरी ताईने दाराच्या वरच्या कडीला सुतळी बांधलीय. बेल वाजली की मुक्ता धावते, "कोणी मध्ये येऊ नका!" असं आम्हाला दटावते आणि सुतळी ओढते. तेव्हा तिचा चेहरा घरमालकिणीसारखा असतो. उचलून घेतल्यावर तोच चेहरा मिटतो, हे उचलणाऱ्याला दिसतच नाही. तो तिच्या पाठीमागे असतो.

ताईने घंटेला दोरी बांधायला सांगितलं, तर पुजारी म्हणाले, "कशाला? उचलायला माणसं आहेत की!"

आहेत, तेच तर दुखणं आहे. तुमच्या देवळातल्या घंटेला उद्याच दोरी बांधा. आणि तोवर हात खाली ठेवा.