पिवळ्या नराचं रक्त

भागवत गेला त्या दिवशी मला दोन फोन आले. पहिला त्याच्या धाकट्या भावाचा. "दादा गेले हो," एवढंच बोलला आणि रडायला लागला. दुसरा लातूरच्या एका लॅबवाल्याचा, धंद्यातली ओळख. "वाईट झालं सर. तुमचे मित्र ना ते? वर्षभर त्यांचं रक्त आमच्याकडंच येत होतं..." मी अंबाजोगाईत रक्त तपासणीची लॅब चालवतो. उभा जन्म लोकांचं रक्त बघण्यात गेला. आणि माझ्या सगळ्यांत जुन्या मित्राला रक्ताचा कर्करोग होता, हे मला तो मेल्यावर परक्या माणसाकडून कळलं! खरं सांगतो, रडू आलं नाही. डोकं फिरलं.

त्याच्या गावात शोकसभा झाली. जो तो उठून तेच म्हणत होता... हसतमुख माणूस, एवढ्या दुष्काळातही चेहरा कधी उतरला नाही. मी मागच्या खुर्चीत दातओठ खात बसलो होतो. दोन शब्द बोला म्हणाले, मी हात जोडले. बोललो असतो तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या. सगळे त्याच्या सोंगाला हार घालत होते.

भागवत धारूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि घाटाच्या कडेला असलेल्या त्याच्या गावातल्या सहकारी दूध संस्थेचा चेअरमन होता. तिसरं लफडं सुगरण पक्ष्यांचं. संस्थेच्या मागं विहीर, तिच्यावर ओणवलेल्या बाभळी आणि बाभळींना लोंबणारी घरटी. विणीचा हंगाम आला की अंगातल्या हार्मोनच्या जोरावर सुगरणीच्या नराची टोपी आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. मग तो घरटं विणायला घेतो. अर्धं झालं की त्याला लटकून पंख फडफडवतो, माद्यांना बोलावतो. माद्या येतात, नर बघतात, घरटं बघतात, पटलं नाही तर चालत्या होतात. या पिवळ्या रंगावर माद्यांनी भरवसा ठेवावा का, हा प्रश्न भागवतला छळायचा. परवानगी काढून तो पहाटे जाळी लावायचा, पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि पाखरू सोडून द्यायचा. त्या काचा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काम माझं. बदल्यात सीताफळांची पाटी यायची, तीही निम्मी त्यानंच माझ्या टेबलावर बसून खाल्लेली असायची.

मी दोन गोष्टी बघायचो. पाखरू ताणाखाली असलं की त्याच्या पांढऱ्या पेशींचं आपसातलं प्रमाण बिघडतं, ते एक. आणि तांबड्या पेशींत मलेरियाच्या जातीचे परजीवी बसलेत का, ते दुसरं. पाऊसपाणी बरं असायचं त्या वर्षी सगळ्यांत पिवळ्या नराचं रक्त स्वच्छ निघायचं. भागवत खूश. पण दुष्काळ लागला आणि सगळं उलटलं. बरेचसे नर फिकेच राहिले. जे दोन-चार झगझगीत पिवळे झाले, त्यांचंच रक्त परजीवींनी भरलेलं! मी ते दाखवलं तेव्हा तो बराच वेळ भिंगातून डोळा काढेना.

"म्हणजे पाखरू खोटं बोलतंय बे?" मी विचारलं.

"खोटं न्हाई. जो हार्मोन रंग आणतो ना, तोच रोगाशी लढायची ताकद कमी करतो. दोन्ही न्हाई जमत. ह्यानं रंग धरला."

"कावून? रंगच का?"

"रंग उतरला, इनायचं थांबला, तर शेजारचा नर त्याच्या घरट्याच्या काड्या वडून नेतो. म्या बघितलंय."

त्याच दुष्काळात संस्थाही गटांगळ्या खात होती. चारा नाही, दूध आटलेलं, आणि गावातल्या एका पुढाऱ्याचं खासगी संकलन केंद्र तोंड उघडून बसलेलं. सभासद तिकडं वळायच्या बेतात होते. त्या वर्षीच्या सभेला मी मुद्दाम गेलतो. भागवत आला तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस काळेभोर करून. विरोधकांची टिंगल करत, टाळ्या घेत तासभर उभा राहिला आणि सभा जिंकली. नंतर मी म्हटलं, "लई वाळलास बे." तर म्हणतो, "ह्या दुष्काळात जाड कोन हाय?" आणि खदाखदा हसला. लबाड! तेव्हा त्याच्या खिशात लातूरचा रिपोर्ट होता.

लोक म्हणतात, आता राग सोडा. का सोडू? हा आजार असा होता की वेळेवर धरला तर रोजच्या गोळीवर माणूस वर्षानुवर्षं जगतो. माझ्या लॅबमध्ये अशी माणसं येतात, तपासून जातात, चहा पिऊन जातात. यानं मात्र मोठ्या दवाखान्यात जायचं पुढं ढकललं, ढकलतच राहिला. शेवटी आजार उसळला तेव्हा गोळीचं काम राहिलं नव्हतं. ज्यानं मला पिवळ्या रंगाखालचं दुखणं बघायला शिकवलं, त्यानं माझ्यासमोर वर्षभर नुसती पिसं फुलवली. मी काय संस्थेचा सभासद होतो? की विरोधी पार्टीचा?

महिन्यानंतर भागवतच्या बायकोला, शालनवहिनींना भेटायला गेलो. हेच त्यांना विचारलं, जरा चढ्याच आवाजात. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हणायचे, आजारी चेअरमनच्या संस्थेला कोन दूध घालंल? तुमाला सांगितलं असतं तर तुमी हाताला धरून मुंबईला नेलं असतं. पाऊस पडू दे, म्हणायचे, मग सांगतो त्याला." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि काचांची एक पेटी घेऊन आल्या. "ही तुमच्याकडं पोचवायची म्हनून काढून ठेवली होती त्यांनी. ऱ्हाऊनच गेली."

लॅबमध्ये येऊन रागारागातच काचा रंगवायला घेतल्या. प्रत्येक काचेच्या कडेला तो पेन्सिलीनं नोंद करायचा, नर की मादी, रंग कसा, बाभळ कोणती. शेवटच्या काचेवर लिहिलं होतं, "नर. लई पिवळा. बाभळ न्हाई."

ती भिंगाखाली सरकवली. पाखराच्या तांबड्या पेशीच्या मधोमध गडद ठिपका असतो, पेशीचं केंद्रक. माणसाच्या तांबड्या पेशीत तो नसतो. या काचेत एकाही तांबड्या पेशीला ठिपका नव्हता. आणि पांढऱ्या पेशी इतक्या, की लॅबमधल्या नव्या पोरीलाही निदान सांगता आलं असतं.

म्हणजे मला सांगायचं त्याच्या मनात होतं. स्वतःचं बोट टोचून, थेंब नीट पसरवून, माझ्यासाठी काच तयार केली होती यानं. आणि पेटी बंद करून घरात ठेवून दिली...

भागवत, लातूरला जाणारी तुझी एसटी दर वेळी अंबाजोगाईला थांबत होती बे. उतरायचं होतंस.