बिजागरी बदलली आणि बटनं गेली

लॅपटॉपची बिजागरी तुटली होती, एवढंच. बटनांना काही म्हणजे काही झालं नव्हतं. हे मी दुरुस्तीवाल्याला पहिल्यांदा नीट सांगितलं, नंतर चढ्या आवाजात सांगितलं आणि शेवटी काउंटरवर हात आपटून सांगितलं. नवी बिजागरी बसवून लॅपटॉप घरी आणला आणि आठवडा झाला नाही तोच मधली बटनं मेली. दाबली की दबायची, पण पडद्यावर अक्षर उमटेल तर शपथ!

लातूरमध्ये तेव्हा क्लासेसना नुसता ऊत आला होता. गल्लीबोळात गुणवंत पोरांच्या फोटोंचे बोर्ड, आणि बोर्डाखाली चाकूर-रेणापूरहून आलेल्या पोरांच्या सायकलींची दाटी. अशाच एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो. दर रविवारी परीक्षा, म्हणजे दर आठवड्याला नवा पेपर, आणि तो मी सकाळी घरी बसून टाइप करायचो. आता ‘न’च उमटेना, तर ‘वजन’ कसं लिहू? एकदा घाईत तसाच पेपर गेला. ‘एका वस्तूचं वज काढा.’ पोरं दिवसभर ‘वज, वज’ करत हसली, आणि क्लासचे मालक म्हणाले, “सर, जरा वाचून देत जा.” अंगाचा तिळपापड झाला नुसता.

दुरुस्तीवाला गंजगोलाईच्या मागच्या बोळात बसायचा. माणूस गोड बोलायचा, तेच डोक्यात जायचं. “नक्को टेन्शन लेव सर, हो जाता,” म्हणायचा. एकदा म्हणाला, धूळ गेली असेल. मग म्हणाला, पट्टी सैल झाली असेल. मग अख्खा कीबोर्डच बदलला. दरवेळी दुकानात सगळी बटनं टकाटक चालायची आणि घरी आणून दोन-चार दिवस झाले की ये रे माझ्या मागल्या. शेवटी तो म्हणाला, “सर, आपके घर में कुछ है.” म्हटलं, माझ्या घरात भूत आहे का? आणि तरातरा निघून आलो.

घरात नवीन काही असलंच तर ते म्हणजे अण्णा, माझे वडील. बिजागरी बदलली त्याच आठवड्यात मी त्यांना गावाहून घेऊन आलो होतो.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात ते गाव गेलं आणि अर्ध्या कोसावर सरकारनं नवं वसवलं. ती पहाट मला फारशी आठवत नाही. गणपती बोळवून अख्खं गाव दमून झोपलं होतं. लाइट रात्रीचीच असायची म्हणून अण्णा पाणी द्यायला शेतात गेलेले. जमीन हलली तेव्हा ते उसाच्या फडात उभे होते, जागे. धावत आले तोवर घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता. त्यांनी हातानं उकरून मला काढलं. आई आणि धाकटी बहीण झोपेतच गेल्या. पुढं मी नांदेडला वसतिगृहात राहून शिकलो, लातूरला नोकरीला लागलो, लग्न केलं, एक पोरगी झाली. अण्णा मात्र गावीच, सरकारी घर सोडून त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. डोक्यावर स्लॅब नको, एवढं एकच.

याआधी त्यांना शहरात आणून पाहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात दोन दिवस टिकायचे आणि सांगून न सांगून एसटीत बसायचे. पण या वर्षी साखर वाढून ते शेडमध्ये चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता एकटं ठेवलंत तर पुढच्या वेळी निरोपच येईल. तेव्हा या खेपेला अण्णा टिकलेच पाहिजेत, अशी मी आणि बायकोनं खूणगाठ बांधली. त्यांच्या सगळ्या अटी मान्य केल्या. खाट हॉलमध्ये, दाराशी. दाराला आतून कडी लावायची नाही, मग चोर येवोत का दरोडेखोर. माळ्यावर एक वस्तू नको. माळा रिकामा केला, शेल्फ रिकामं केलं, आणि घरातलं सगळं सामान जमिनीवर आलं. माझा लॅपटॉपसुद्धा हॉलमध्ये, भिंतीला टेकून.

त्यात अण्णांना ऐकू येत नाही. दाराची बेल नाही, कुकरची शिट्टी नाही. कानाचं यंत्र आणून दिलं तर ‘भुंगा हाय त्याच्यात’ म्हणून काढून ठेवलं. त्यामुळे घरात प्रत्येक गोष्ट ओरडून. ‘गोळी घेतली का?’ हेसुद्धा खालच्या मजल्याला कळायचं.

तर त्या दिवशी मी दुरुस्तीवाल्याकडून आलो ते धुसफुसतच. चपला भिरकावल्या आणि बायकोवर सुरू झालो. “वैताग आणलाय नुसता! हे आल्यापासून घरात एक दिवस सुख नाही! नेऊन टाकतो एकदाचं!” मी लॅपटॉपबद्दल बोलत होतो. अण्णांना शब्द कळले नाहीत, पण माझं तोंड दिसलं. ते शांतपणे म्हणाले, “माझ्यापायी भांडू नका रे. मी जातो गावाकडं.”

“लॅपटॉप, अण्णा! लॅपटॉप!” आम्ही दोघं घसा फोडून ओरडलो. त्यांनी मान हलवली. पण संध्याकाळी धोतरं भरलेली त्यांची पिशवी खाटेखालून निघून उशाशी आली. बायको हदगावची, तोंडाची फटकळ. म्हणाली, “बघा, त्या डबड्यापायी म्हातारा माणूस घालवून राहिले तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी क्लासची लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला, आणि मी कधी नव्हे ते आठलाच घरी आलो. एरवी मी यायचो तेव्हा अण्णांची एक झोप झालेली असायची, आणि ती मोडू नये म्हणून हॉलचा दिवा न लावताच मी आत जायचो. दार उघडंच होतं. अण्णा माझ्याकडे पाठ करून जमिनीवर उकिडवे बसले होते. मी आलेलं त्यांना कळलंच नाही.

त्यांनी माझा लॅपटॉप घेतला, खाटेजवळ फरशीवर आडवा ठेवला आणि सपाट आहे ना म्हणून वरून तळवा फिरवला. मग त्याच्या बरोब्बर मधोमध आमच्या स्वयंपाकघरातला लोखंडी खलबत्ता ठेवला. खलबत्त्यावर तांब्या पालथा घातला. तांब्यावर पेला, पेल्यात चार चमचे. लहान पोराच्या निगुतीनं सगळं रचून त्यांनी बोटानं हळूच हलवून पाहिलं. डुगडुगलं. त्यांचं समाधान झालं.

माझं टाळकं सरकलं. मी तोंड उघडणार एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं हातानं ‘नको नको’ केलं आणि उशाशी ठेवलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं. मी राग गिळला आणि अण्णांच्या समोर जाऊन बसलो.

“आज लवकर?” ते दचकून म्हणाले. “जेवलास का?”

“हे काय मांडलंय?” मी खलबत्त्याकडे बोट दाखवत मोठ्यानं विचारलं.

“हे व्हय? जमीन हालली की पडतंय. गावाकडं समदेच मांडत हुते. आधी नुसत्या फरशीवर मांडलं, तर वरचा माणूस चालला तरी पडाय बघायचं, उगं खोटं. तुझ्या ह्या पाटीला खाली रबर हाय. लई बेस हाय बघ.”

“रोज मांडता?”

“रोज. पहाटं उठून उचलतो. तुझी पाटी तुला लागती की.”

“अगंबाई!” बायको म्हणाली. “मला वाटलं खलबत्ता सुपारी कुटायला नेतात!”

“सुपारी खायला दात आहेत का त्यांना?”

“दात नाहीत म्हणूनच कुटतात वाटलं ना!”

माझ्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. दुकानाच्या खेपा, बदललेला कीबोर्ड, ‘वज, वज’ करून हसणारी पोरं. गिळलेला राग उसळून वर आला आणि मी ओरडलो. ओरडायचंच होतं, त्याशिवाय ऐकू कुठं येतं? “अण्णा, तुम्हाला बेल ऐकू येत नाही, शिट्टी ऐकू येत नाही! हा तांब्या पडला तर तुम्हाला ऐकू येणार आहे का?”

“न्हाई की,” अण्णा म्हणाले. “मला कशाला यायला पायजे? तुमी तिघं ऐकताव न्हवं?” मग खलबत्त्याकडं बघत म्हणाले, “त्या दिशी मी जागा हुतो. पन शेतात हुतो.”

मी लॅपटॉप खालून काढून घेतला. अण्णा पिशवीकडं बघायला लागले. मी स्वयंपाकघरातून पोळपाट आणला, माझी जुनी चप्पल कापली आणि पोळपाटाच्या तिन्ही पायांना रबर चिकटवत बसलो.

“आणि मी पोळ्या काय तुमच्या पाठीवर लाटू?” बायको म्हणाली, पण रबर वरून बांधायला सुतळी तिनंच आणून दिली.

पोळपाटावर खलबत्ता, तांब्या, पेला, चमचे. अण्णांनी या वेळी बोटानं हलवलं नाही, चांगला धक्काच दिला. सगळं फरशीवर ठणाणा कोसळलं. अण्णांची पापणीसुद्धा लवली नाही. ते आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते. माझी पोरगी हातातलं पुस्तक टाकून धावत बाहेर आली. “काय पडलं? काय पडलं?”

“येतंय ऐकू,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी पिशवीतली धोतरं काढून सुनेच्या हातात दिली. “उद्या धुवायला टाक गं.”