चुकीला गूळ-शेंगदाणे

शेवटच्या संध्याकाळी कुसुम मला म्हणाली, "अहो, शेंगदाणे संपलेत, भाजून ठेवा." मी म्हटलं, "तुला दात कुठे राहिलेत आता?" तर म्हणे, "माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. मी गेल्यावर चार माणसांत तुम्हालाच बोलावं लागेल." बायको मरायला टेकली तरी टोमणा काही सुटला नव्हता. मी चिडलो अन् शेंगदाणे भाजायला बसलो. सकाळी ती गेली. महिना झाला... डबा तसाच भरलेला आहे.

त्या डब्याचं सांगतो. मी डोईफोडिया गावचा केळीवाला, शाळा तिसरीपर्यंत. वाचताना अडखळलो की मास्तर कान पिरगाळायचे, म्हणून मी तोंड उघडणंच सोडलं. बायको मिळाली ती आमच्याच भागातल्या लालबागची, प्राथमिक शाळेत शिकवणारी. लग्नात लोक म्हणाले, मुका नवरा अन् मास्तरीण, बरं जमलं. तेव्हा राज्यांची वाटणी होऊन मराठी मुलूख तिकडे गेला होता अन् आम्ही नव्या मध्यप्रदेशात राहिलो होतो. कचेरीत, स्टेशनावर, सगळीकडे हिंदी सुरू झालेली. शाळेतली आमची पोरं हिंदीच्या तासाला पाट्या टाकून पळायची. कुसुमने छडी माळ्यावर फेकली अन् एक डबा आणला. जो चुकेल त्याला गुळाचा खडा अन् शेंगदाणे. घाबरलेल्या जिभेवर भाषा टिकत नाही, असं तिचं म्हणणं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, अशाने पोरं मुद्दाम चुकतील." ती म्हणाली, "चुकायला तोंड तर उघडतील." पोरं मुद्दामच चुकली. मग तिने कायदा केला, एकाच चुकीला दुसऱ्यांदा गूळ नाही. झालं, नवी चूक करायची म्हणून पोरं रोज काहीतरी नवं बोलू लागली.

घरी मलाही तोच कायदा. मी म्हटलं, "मी काय पोर आहे?" "पोरं बोलतात तरी," ती म्हणाली. मग रोज जेवण झालं की मी हिंदीत काहीतरी बोलायचो, चुकायचो, अन् हात पुढे करायचो.

एकदा केळी तोडून स्टेशनावर नेली अन् नेहमी माझ्या वतीने बोलणारा थोरला भाऊ तापाने पडला. मालगाडीच्या वाघिणी थोड्या, केळीवाले फार. त्या दिवशी वाघीण मिळाली नाही तर सगळा माल फलाटावर काळा पडणार. मी घरी येऊन बसलो. कुसुम म्हणाली, "जा, बोला. फार तर चुकाल." वाघिणी वाटणारा मालबाबू महातिरसट माणूस. त्याच्या टेबलापुढे जाऊन मी म्हणालो, "साब, हमारी केळी फलाट पे पडा है. आज वॅगन नहीं दिया तो काला पड जाएगी." चुकलो हे मला कळलं, अन् सवयीने हात पुढे गेला, थेट त्याच्या टेबलावर. तो हाताकडे बघत राहिला. "क्या चाहिए?" मी खरं तेच सांगितलं, "गुड-दाना. गलत बोला ना." मागचे केळीवाले खिदळले. मालबाबूला काही उमगेना, म्हणून सगळं समजावून सांगावं लागलं, अन् सांगता सांगता मी जन्मात बोललो नव्हतो एवढी हिंदी बोललो. शेवटी तोही हसला. डोळे पुसत पुसत वाघीण दिली. घरी येऊन सांगितलं तर कुसुमने अख्खा डबाच माझ्या ओंजळीत उलटा केला.

दहाव्याला नदीवर, राजघाटावर, लोक तिच्याबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, "आबा, तुम्ही दोन शब्द बोला." मी उठलो. "कुसुम..." एवढंच आलं. अन् हात आपोआप पुढे गेला. गुरुजींना वाटलं, मी तीर्थ मागतोय. त्यांनी पळीभर पाणी घातलं. मी निमूट प्यालो.

ह्या लिहिण्यात चुका असतील. सून म्हणते, "आबा, कागद द्या, दुरुस्त करते." मी म्हटलं, राहू दे. डबा इथेच शेजारी आहे, झाकणही उघडं आहे. पण चुकणाऱ्याने आपल्याच हाताने घेऊन खायचं, असा कायदा कुसुमने केला नव्हता.