पद्मावतीबाईंचं रोलिंग लिनक्स

समडोळीच्या पद्मावती मगदूम एकतीस वर्षं हायस्कुलात क्लार्क होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी गावच्या बोलीतले शब्द टाइप करून ठेवायला घेतले. जुन्या लॅपटॉपवर नवं विंडोज चालेना. मिरजेचा दुकानदार म्हणाला, "भंगारात घाला, काकू." बाईंनी लॅपटॉप काखेत मारला आणि तडक घर गाठलं.

पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्यानं, भरतेशनं, त्यावर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स घालून दिलं. सगळं चाललं, पण 'दोऱ्या' लिहिलं की र तुटून भलतीकडंच पडायचा. बाईंनी इंटरनेटवर शोधलं. ही चूक दुरुस्त होऊन दोन महिने झाले होते. पण त्यांच्या लिनक्सला ती दुरुस्ती पुढच्या वर्षी, मोठ्या आवृत्तीबरोबरच मिळणार होती. रोलिंग म्हणतात त्या प्रकारच्या लिनक्सला थांबावं लागत नव्हतं. नवं तयार झालं की थोड्याच दिवसांत येत होतं.

"मला रोलिंग पाहिजे," त्यांनी भरतेशला फोनवर सांगितलं.

"आत्ती, ते नवशिक्याचं काम न्हवं. एखादं अपडेट बिघडलं की बसशील डोक्याला हात लावून."

"एकतीस वर्षं पुढच्या वर्षी बघू, हेच ऐकलंय मी. पंखा पुढच्या वर्षी, कपाट पुढच्या वर्षी. आता घरात बी तेच ऐकू व्हय?"

निवडताना त्यांनी एकच गोष्ट बघितली: अपडेट बिघडलं तर आदल्या दिवसावर परत जाता येतं का. तसं एक सापडलं. घालायला दोन दिवस लागले, एकदा सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागलं. पण 'दोऱ्या' नीट उमटलं.

तिसऱ्या आठवड्यात, अपडेटनंतर, स्क्रीन काळा तो काळाच. बाईंचा हात फोनकडं गेला, पण भरतेश काय म्हणेल ते ठाऊक होतं. त्यांनी मशीन बंद करून चालू केलं, सुरू होताना दिसणाऱ्या यादीतला कालचा दिवस निवडला. दोन मिनिटांत सगळं जागेवर. चार दिवस थांबून, लोकांनी काय लिहिलंय ते वाचून, त्यांनी पुन्हा अपडेट केलं. या खेपेला चाललं.

दिवाळीला भरतेश पेनड्राइव्ह घेऊनच आला आणि थेट लॅपटॉपसमोर बसला.

"आत्ती, पहिलं साधं लिनक्स घालून देतो. डोक्याला ताप न्हाई."

"ताप माझ्या डोक्याला हाय न्हवं? मग ऊठ तिथनं," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून स्वतः बसल्या.