शनीचा उलटा चंद्र

फीबी सरळ फिरत होता. बाकीच्या चंद्रांच्या मागोमाग, शहाण्या पोरासारखा. मी दालनाच्या दारातच थांबलो.

नेवासे तालुक्यातल्या एका हायस्कूलला मी शनी ग्रहाचं चालतं मॉडेल करून दिलं होतं. माझा धंदाच तो. नगरच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. शाळांना आणि सायन्स पार्कला लागणारी मॉडेलं आम्ही बनवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं, म्हणून मी फायनल चेकिंगला आलो होतो. आणि ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, तीच कोणीतरी दुरुस्त करून ठेवली होती.

थोडं समजावून सांगतो. शनीच्या जवळचे मोठे चंद्र शनीच्या अवतीभवतीच तयार झाले. त्याच्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत होती, तिच्यातून ते घडले. त्यामुळे ते कड्यांच्या पातळीत, शनी ज्या दिशेने स्वतःभोवती फिरतो त्याच दिशेने फिरतात. फीबीचं तसं नाही. तो खूप लांब आहे, त्याची वाट तिरकी आहे, आणि तो उलट दिशेने फिरतो. लांबून, वेड्यावाकड्या वाटेने फिरणाऱ्या अशा चंद्रांना अनियमित चंद्र म्हणतात. शनीचे आजवर सापडलेले बहुतेक चंद्र याच जातीचे आहेत. मॉडेलमध्ये फीबीसाठी मी वेगळा तिरका आर्म आणि वेगळी गिअर मोटर बसवली होती.

शाळेचा वायरमन अशोक खुशीत पुढे आला. "साहेब, तुमची एक मोटार उलटी फिरत हुती. दोन वायरी बदलल्या. झालं काम!"

त्याला रागावणार तरी काय? आमच्याकडे विहिरीवरची मोटर उलटी फिरली की पाणी चढत नाही. मग दोन वायरींची अदलाबदल करायची. अशोक गावभर तेच करत आलेला.

"तुला सांगितलं कोणी?"

"चेअरमन साहेबांनी. त्ये लई टेन्शनमदी हायेत."

तेवढ्यात विज्ञानाच्या भिंगारदिवे मॅडम आल्या. मॉडेलसाठी संस्थेच्या मागे लागल्या होत्या त्याच. त्यांचा चेहरा उतरला होता. "सर, कोणीतरी चेअरमन नानांच्या कानावर घातलं की शाळेत वक्री शनी बसवलाय. आता ते म्हणतात, सगळे चंद्र एका दिशेने फिरवा, नाहीतर बाहेरचा काढून टाका. उद्या माझी मुलं पालकांसमोर सांगणार आहेत की फीबी उलटा फिरतो. ती बोलणार एक आणि मॉडेल दाखवणार भलतंच. हसं होईल हो त्यांचं."

शनीच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या शाळेवरूनच जातात. या गावात शनीची थट्टा चालत नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं. पण चुकीचं मॉडेल माझ्या नावाने उभं राहणार, हेही मला चालणार नव्हतं. मॅडमना घेऊन मी ऑफिसात गेलो.

नाना चहा पीत बसले होते.

"साळवे, उद्या आमदार येनार. आन् तुमी शनी वक्री दाखवता?"

"नाना, शनी वक्री नाहीच. एसटी ट्रॅक्टरला ओव्हरटेक करते तेव्हा ट्रॅक्टर मागे जातोय असं वाटतं, तसं पृथ्वी पुढे जाताना शनी मागे सरकल्यासारखा दिसतो. त्याला वक्री म्हणतात. तो नुसता भास. हा चंद्र मात्र खरोखर उलटा फिरतो."

"का बरं?"

"तो तिथला नाही. सूर्यापासून फार लांब, बर्फाळ भागात तो तयार झाला असावा. भटकत शनीजवळ आला आणि शनीने त्याला धरून ठेवलं. बाहेरून आलेल्याला आतल्यांच्या दिशेने फिरायचं बंधन नाही."

"धरलं कसं?"

"त्याचा वेग कमी झाला असणार, नाहीतर निघून गेला असता. कशामुळे कमी झाला यावर मतं वेगवेगळी आहेत. त्या काळच्या वायूने अडवलं असेल, नाहीतर दुसऱ्या मोठ्या ग्रहाच्या ओढीने."

"म्हंजी नक्की म्हाईत न्हाई."

"नाही. पण हा तिथला नाही, हे शास्त्रज्ञ जवळजवळ एकमताने सांगतात."

"आन् उलटं फिरून टिकतंय व्हय त्ये?"

"उलट एवढ्या लांब अंतरावर उलटे फिरणारेच जास्त टिकतात. सरळ फिरणाऱ्यांची वाट सूर्याच्या ओढीने लवकर बिघडते."

नानांनी कप खाली ठेवला. "म्हंजी घरजावई हाय म्हना की."

मला हसू फुटणार होतं. पण मॅडमनी एकदम खाली पाहिलं आणि आमच्या मागोमाग येऊन दारात थांबलेल्या अशोकने तोंड फिरवलं. मला काही कळेना.

नानाच म्हणाले, "साळवे, तुमास्नी म्हाईत नसंल. मी आष्टीकडचा. सासऱ्यानं इथंच ठिवून घेतलं. पहिल्यांदा गाव म्हनायचं, ह्यो पावना समद्याच गोष्टी उलट्या करतो. पोरींची शाळा काढली तवा तर लई म्हनलं." मग त्यांनी दाराकडे हाक मारली, "अशोक, वायरी हुत्या तशा कर."

दुसऱ्या दिवशी फीबी उलटा फिरला. मुलांनी न अडखळता सगळं सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही. नानांनी भाषणात आमदारांना बाजूला ठेवून फीबीचीच गोष्ट सांगितली, घरजावयासकट. टाळ्या सासुरवाडीनेच जास्त वाजवल्या.

तेव्हापासून नव्या संस्थेत मॉडेल बसवायला गेलो की चेअरमन मूळचे कुठले, हे मी आधी विचारून घेतो. पुढचं विज्ञान समजावणं सोपं जातं.